दुसऱ्याचा दगड

१

किशोर मे महिन्यातसुद्धा गळ्याला मफलर गुंडाळून बसायचा. बावधनला चौथ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. पश्चिमेची भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापायची, आणि हा पठ्ठ्या पंखा बंद करून, स्वेटर घालून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेला. मी गेलो की वैशालीवहिनी न बोलता गॅलरीत माझ्यासाठी खुर्ची टाकायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी पायल लहानपणी बाबांचं चित्र काढायची, तेव्हा आधी मफलर काढायची आणि मग त्याच्यावर तोंड. पुढं नोकरी लागल्यावर तिनं पहिल्या पगारातून तपकिरी लोकर आणली आणि स्वतः एक विणला. विणता विणता थांबायचं कुठं ते तिला कळलंच नाही, त्यामुळे तो भलताच लांब झाला.

"थायरॉइड झालं, रक्त झालं, हृदय झालं," वहिनी बोटांवर मोजत सांगायच्या. "सगळं नॉर्मल म्हणतात. माणूस तेवढा गार."

यावर किशोरचं उत्तर ठरलेलं. "अगं, मी डोंगरावरच राहिलोय. हा नुसता खाली पाठवून दिलाय."

त्या घरातला हा जुना विनोद. पायल हसायची, वहिनी हसायच्या, पाहुणे हसायचे. मी चहाच्या कपात बघत बसायचो. त्याचं कारण मी अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी रत्नदीप. पिरंगुटच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. केसाएवढा फरक असला तरी मी माल परत पाठवतो, त्यावरून पोरं मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, नवस आणि अंगारे कायमचे उंबऱ्याबाहेर ठेवलेले. विहारात वाढलेला माणूस आहे मी. भुताखेताच्या गोष्टी मला सांगायला आलात तर मी तुम्हाला हाकलून देईन. म्हणून पुढचं मी जसं मोजलं तसंच सांगतो, त्याचा अर्थ लावत नाही.

२

सत्त्याण्णव साली आम्ही पंचविशीत होतो. किशोर आणि मी एकाच दिवशी कंपनीत लागलेलो, एकाच मशीनवर शिकलो. हजेरीला पंचिंग कार्ड होतं. दाराशी घड्याळ, त्यात कार्ड घालायचं, टक्क आवाज व्हायचा. किशोर झोपाळू, कायम पाच मिनिटं मागं. त्याचं कार्ड मीच पंच करायचो. सुटताना तो हात धुवायला अर्धा तास लावायचा, तेव्हाही मीच. सगळेच एकमेकांचं करायचे, त्याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं. मैत्री म्हणायचो आम्ही.

आणि जानेवारी आला की डोंगर. पिरंगुटच्या बाजारात एका शिंप्यानं ताडपत्रीच्या दोन सॅक शिवून दिल्या होत्या, पाठीला असल्या टोचायच्या की विचारू नका. पायांत कंपनीचे सेफ्टी बूट. किशोरचं लाल विंडचीटर जुन्या बाजारातलं, त्याची चेन अर्ध्यावर अडकायची. भाकरी, ठेचा, बिस्किटाचे पुडे, आणि काळं पडलेलं एक पातेलं. येष्टीनं मुळशी धरणाच्या कडेकडेनं जायचं, ताम्हिणीच्या अलीकडे उतरायचं, आणि मग वर.

तिथला वारा ज्यानं खाल्लाय त्यालाच कळेल. कोकणातून कडा चढून तो सरळ अंगावर येतो. डोळ्यांतून पाणी काढतो, बोलणं तोंडातच परत ढकलतो. म्हणून आम्ही बोलत नसू, शीळ घालत असू. म्हणजे किशोर घालायचा. दोन बोटं तोंडात घालून लांब शीळ, आणि शेवटाला एक गिरकी. ती गिरकी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमायची नाही. मी पुढं असायचो, तो मागं. शीळ आली की समजायचं, गडी येतोय.

आजही डोळे मिटले की ते गवत दिसतं मला. पिवळंधमक, आडवं पडलेलं. खाली धरणाचं निळं पाणी. मागून ती शीळ. त्याच्याइतकं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही, अगदी खरं सांगतो.

३

डोंगराच्या पोटाशी एकच घर होतं, गोजराबाईचं. तिच्याकडे चहा घेतल्याशिवाय वर जाऊ द्यायची नाही ती. घराच्या वर खिंड, खिंडीत दगडांची रास. एकावर एक मांडलेले, माणसाच्या छातीपर्यंत आलेले.

"जाताना येक दगड मांडायचा," तिनं पहिल्याच वर्षी बजावलेलं. "येताना आपला आपुन उतरवायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा न्हाई."

"का हो मावशी?"

"का काय? ज्यानं त्यानं आपापलं घरला यायचं."

आम्ही हसलो, पण मांडायचो. त्यात मजा होती. किशोर दरवर्षी ओळखू येईल असा दगड शोधायचा. सत्त्याण्णवला त्याला काळा कुळकुळीत मिळाला, मधून गारेचा पांढरा पट्टा गेलेला. चांगला पाच किलोचा असेल.

परतताना तो कड्यावर रेंगाळला. "तू हो पुढं, मी आलोच," म्हणाला. शेवटची येष्टी सहाची. मी तरातरा खिंडीत आलो, माझा दगड उतरवला. वारा एवढा, की उभं राहवेना. मागं शीळ ऐकू आली, लांबून. मनात म्हटलं, हा इथं येऊन अजून वेळ घालवणार. गारेच्या पट्ट्याचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि उतारावर सोडून दिला. गडगडत गेला तो खाली. मनात काहीसुद्धा आलं नाही. रोज टक्क करून त्याचं कार्ड पंच करायचो, तसंच.

किशोर वीस मिनिटांनी गोजराबाईच्या अंगणात उतरला. दातावर दात वाजत होते.

"माझा दगड दिसला नाही रे," तो म्हणाला.

"वाऱ्यानं पडला असेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाच किलोचा दगड वाऱ्यानं पडत नाही, हे त्यालाही कळत होतं. येष्टीत त्यानं शीळ घालून बघितली, तर नुसती हवा. "फुंकच लागंना," म्हणाला. ती त्यानंतर कधीच लागली नाही.

४

पायलचं लग्न ठरलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. डिसेंबरात पत्रिका छापून आल्या, त्या दाखवायला किशोरनं मला बोलावलं. पत्रिका हातात धरून तो म्हणाला, "रत्न्या, पोरीच्या लग्नात तरी मला मफलर नको बघ. तिला नवऱ्याच्या हाती देताना माझा हात गार लागायला नको तिला."

बास. मला राहवलं नाही. मी त्याला गॅलरीत नेलं आणि दगडाचं सांगून टाकलं.

त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं शिव्या देईल, आणि त्या मी खाल्ल्या असत्या. त्यानं मफलरचं टोक गळ्यात खोचलं, तशी त्याची सवयच होती, आणि हसायला लागला.

"म्हणजे तू माझं कार्ड पंच केलंस."

"हो."

"आणि मी आतच राहिलो."

"किश्या, हे सगळं थोतांड आहे. तुला थंडी वाजते ते काहीतरी नसांचं असणार."

"असेल की. पण कार्ड चुकलं तर दुरुस्त करून घ्यायचं असतं. चल, जाऊन येऊ. डोंगर तरी बघून होईल."

खरं सांगू? मला आनंद झाला. दुरुस्तीबिरुस्ती राहू दे, आम्ही दोघं पुन्हा वर जाणार होतो. मी त्याच रात्री जुनी ताडपत्रीची सॅक माळ्यावरून काढली.

५

जानेवारीतला रविवार. माझ्या मोटारसायकलवर निघालो. पौड सोडलं तशी रिसॉर्टच्या पाट्यांची रांगच लागली, ती बघून मी तोंडाचा पट्टा सोडला. किशोर मागं बसून नुसता हुं हुं करत होता. स्वेटर, वर जाकीट, वर मफलर. नऊ वाजता गोजराबाईच्या दारात पोचलो.

म्हातारी होती अजून. पार वाळून गेलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझा आवाज तिनं लगेच ओळखला.

"रत्नदीप व्हय तू? लई वर्सांनी आलास. म्हातारा झालास की रं."

"झालो मावशी."

"तुजा जोडीदार मातुर तसाच हाय. कवळाच राह्यला. परवा दिसला की वर, लाल कोटात." मग तिनं किशोरकडे तोंड वळवलं. "आन हे पाव्हणं कोण?"

किशोरच्या हातातला कप तसाच राहिला. मी गडबडीनं म्हणालो, "मावशी, हाच तो. किशोर."

ती हसली, म्हातारी माणसं लहान पोराच्या बोलण्याला हसतात तशी.

चढताना मी हिशेबानं त्याची समजूत घातली. मोतीबिंदू. ट्रेकला येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांकडे लाल जाकीट असतं. आणि तुझं ते विंडचीटर वहिनींनी केव्हाच गाडी पुसायला घेतलंय, लेका. किशोर म्हणाला, "एवढं बोलू नकोस, धाप लागतीय तुला." ते मात्र खरं होतं.

खिंडीत वारा तसाच होता. एवढी वर्षं गेली, आमचे केस पिकले, वाऱ्यात काडीचा फरक नाही. रास छातीएवढीच. आणि राशीच्या अगदी वर, काळा कुळकुळीत, मधून गारेचा पांढरा पट्टा गेलेला दगड.

मी तो हातांनी चाचपला. खाली एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता, गडगडत गेल्यावर उडतो तसा.

"गारेचे दगड काय, या डोंगरात ढिगानं असतात," मी म्हणालो. "कुणी गुराख्यानं आणून ठेवला असेल."

"असेल." किशोरनं त्यावरून हात फिरवला. "पण हा माझाच आहे रत्न्या."

त्याचा बेत साधा होता. त्या दिवशी जिथं रेंगाळला होता त्या कड्यापर्यंत जायचं, परत यायचं, आपल्या हातानं दगड उतरवायचा आणि घरी जायचं. मी खिंडीतच थांबायचं. या वेळी मधेमधे करायचं नाही.

तो निघाला. मी म्हणालो, "अरे, जाताना एक दगड मांडायचा असतो."

"माझा आहे की मांडलेला," तो मागं न बघता म्हणाला. "परत कशाला?"

मी टूलरूमचा माणूस. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतो. ते मला खटकलं, आणि मी जाऊ दिलं.

६

पठारावर गवत कमरेएवढं होतं. किशोर त्यातून हळूहळू लांब गेला. मफलरचं टोक मागं फडफडत होतं, ते मी बराच वेळ बघत राहिलो. मग जमिनीचा उंचवटा आला आणि तो दिसेनासा झाला.

मी घड्याळ लावलं. वारा कानांत घों घों करत होता. पाच मिनिटं. दहा. राशीतल्या फटींतून वारा गेला की बारीक आवाज यायचा, कुणी दातांतून श्वास घेतल्यासारखा. मी राशीपासून चार पावलं बाजूला झालो. उगाच.

आणि शीळ आली.

लांब, कड्याच्या बाजूनं. शेवटाला ती गिरकी.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते वाऱ्यानं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी त्या आवाजाची वाट बघत होतो आणि हे मला तेव्हाच कळलं. फुंक लागली, म्हटलं. बरा झाला गडी. मीही दोन बोटं घालून उत्तर दिलं, बेसूर, मला कधीच नीट येत नसे. पुन्हा शीळ आली. आता जवळून.

वीस मिनिटांनी तो गवतातून आला. झपाझप, जवळजवळ पळतच. जाकीट खांद्यावर टाकलेलं, स्वेटर कमरेला बांधलेला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, गळा मोकळा. केस तेच पांढरे. तोंड लालबुंद. आल्या आल्या त्यानं माझा हात धरून हलवला आणि तो हात ऊन होता. चहाचा कप धरलेला सोडला तर अठ्ठावीस वर्षांत त्या माणसाच्या हाताला मी ऊब बघितली नव्हती.

"काय गार पडलायस लेका," तो म्हणाला. त्यानं राशीवरचा दगड दोन्ही हातांनी उचलला, खाली ठेवला, आणि हात झटकले. "चल, येष्टी चुकेल."

मी हसलो. मला वाटलं गंमत करतोय.

मग सहज त्याच्या खांद्यावरून माझी नजर पलीकडे गेली. पठारावर, उंचवट्याच्या अलीकडे, गवताच्या वर काहीतरी तपकिरी फडफडत होतं. गवतात बसलेल्या माणसाच्या गळ्यातून उडावं तसं. मफलर टाकून आलाय हा, मी म्हटलं, झुडपाला अडकला असेल. एवढ्यात गवतातून एक हात वर आला. त्यानं ते फडफडणारं टोक धरलं आणि गळ्यात खोचलं.

मी हाक मारायला पाहिजे होती. एवढंच काम होतं माझं. पण माझा हात या किशोरच्या हातात होता, तो मला ओढत होता, शीळ घालत होता, आणि पंचविशीनंतर पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. मी हाक मारली नाही.

७

खाली मोटारसायकल बघून तो म्हणाला, "कुणाची रे ही?" मी किक मारली. पौडला एका डॉक्टरकडे थांबलो. बीपी ठीक, दोन्ही हात वर होतात, बोलणं सरळ. थंडीवाऱ्यानं कधी कधी विसरायला होतं, ते म्हणाले, उद्या स्कॅन करून घ्या. मी ते घट्ट धरून ठेवलं. स्कॅन. उद्या स्कॅन करायचं.

बावधनच्या इमारतींकडे तो मान वर करून बघत होता. "एवढं कधी बांधलं?" विचारत होता. लिफ्टच्या आरशात त्यानं स्वतःला पाहिलं आणि केसांवरून हात फिरवून म्हणाला, "काय धूळ बसलीय."

दार पायलनं उघडलं. तिच्या हातात घडी केलेला जाड स्वेटर होता, डोंगरावरून बाबा गारठून येणार म्हणून. किशोर तिच्याकडे बघून हसला. परक्याच्या घरी गेल्यावर दार उघडणाऱ्या मुलीकडे बघून हसतो, तसं. मग माझ्या कानाशी वाकला.

"रत्न्या, ही पोरगी कोण रे?"

हळूच म्हणाला, पण तिला ऐकू गेलं.

आत तो पंख्याखाली बसला. पंखा पाचवर. वहिनींना त्यानं नमस्कार केला, पाणी मागितलं, थँक्यू म्हणाला. टेबलावरची पत्रिका उचलून वाचली आणि कौतुकानं मला दाखवली. "हे बघ, मुलीच्या बापाचं नाव माझंच." वहिनी आत जाऊन त्यांच्या भावाला फोन लावत होत्या, त्यांचा आवाज फुटत होता.

पायल गॅलरीत आली, माझ्या खुर्चीपाशी. स्वेटर अजून तिच्या हातातच. मी तिला सगळं सांगितलं. पंचिंग कार्ड, गारेचा पट्टा, वाऱ्यानं पडला असेल म्हणालो ते. आज तिच्या बापानं नवा दगड मांडला नाही आणि मी मांडायला लावला नाही, ते. वर दोघं, दगड एकच, आणि एका कार्डावर एकच माणूस बाहेर पडतो. आणि गवतातला तो हात. मी हाक मारली नाही, तेही सांगितलं. तिच्याशी तरी खोटं बोलायचं नव्हतं मला.

ती रडली नाही. पश्चिमेला पिरंगुटच्याही पलीकडे डोंगरांची काळी रेघ दिसत होती, तिकडे बघत राहिली. आतून शीळ आली, गिरकीसकट. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काका," ती म्हणाली, "मफलर वरच राहिला ना?"

"हो."

तिनं स्वेटरची घडी पुन्हा नीट केली.

"त्याचे तीन वेढे बसतात," ती म्हणाली. "निदान कानांना वारा लागणार नाही."